सातबाऱ्यावर आभाळाची नोंद नाही

(द्वितीय वर्ष कला)

ड्रोन या यंत्राविषयी आपल्याकडे दोनच प्रकारची माणसे बोलताना आढळतात. एक, ज्यांना ते देशाच्या प्रगतीचे पंख वाटतात. आणि दुसरी, ज्यांना ते दिसताक्षणी दगड मारून पाडावेसे वाटते. पहिल्या प्रकारची माणसे बहुधा शहरात, भाषणे देण्याच्या जागी असतात. दुसऱ्या प्रकारची आमच्या गावात आहेत आणि त्यांतली निम्मी माझ्या नात्यातली आहेत. मला दोन्ही बाजूंची थोडीथोडी ओळख आहे, म्हणून या विषयावर लिहिण्याचे धाडस करीत आहे.

आमचे गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या कडेला. या गावाने आजवर चार तऱ्हेचे ड्रोन पाहिले. पहिला आला तो सरकारी मोजणीचा. गावठाणातील घरांची मोजणी ड्रोनने करायची आणि घरमालकाला मिळकत पत्रिका द्यायची, अशी ती योजना. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी तिचा पहिला प्रयोग झाला आणि २४ एप्रिल २०२० पासून केंद्र सरकारने अशी मोजणी ‘स्वामित्व’ या नावाने देशभर सुरू केली. आमच्याकडे ती पोहोचली तेव्हा मी दहावीला होते. आधी ग्रामसभा झाली. मग माणसे येऊन घराघराच्या हद्दीवर चुन्याच्या रेघा ओढून गेली. आमच्या आणि शेजारच्या काकांच्या भिंतीमधल्या दीड हात बोळावरून जे भांडण व्हायचे ते चुन्यावरूनच होऊन गेले. यंत्र यायच्या आत दोन्ही घरे पुन्हा चहा पीत बसली होती. ड्रोन उडाला त्या दिवशी शाळेची पोरे त्याच्या सावलीमागे धावली. आज्जी ओट्यावर बसून वर पाहत होती. ‘भुंगा हाय मेला,’ एवढेच ती म्हणाली. (इंग्रजीत ‘ड्रोन’ म्हणजे नर मधमाशी, हे तिला कोणी सांगितलेले नव्हते.) कोणी घाबरले नाही, कोणी दगड उचलला नाही.

दुसरा ड्रोन लग्नातला. त्याच्याबद्दल फार लिहिण्याजोगे नाही. नवरदेवाच्या फेट्यावरून तो गरगर फिरतो, अक्षता उडवतो आणि जेवणाऱ्या पंगतीवर धूळ टाकतो. जुनी माणसे कुरकुरतात, पण मांडवाचा मालक त्यांना ठाऊक असतो.

तिसरा फवारणीचा. त्याविषयी सध्या बरेच बोलले जाते, कारण ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत देशातील पंधरा हजार महिला बचत गटांना असे ड्रोन द्यायचे ठरले. आमच्या जवळच्या एका गावात मी ते काम पाहिले. बाई यंत्र चालवीत होती आणि तिचा नवरा बॅटरीच्या पेट्या उचलून तिच्यामागे चालत होता. एवढ्या एका दृश्यासाठी तरी ही योजना यशस्वी व्हावी, असे मला वाटते.

चौथा ड्रोन रात्रीचा. त्याच्याविषयी आमच्या गावात आजही एकमत नाही.

जून–जुलै २०२४ मध्ये बीड जिल्ह्यात, शेजारच्या नगर जिल्ह्यात आणि पुणे जिल्ह्याच्या शिरूर–जुन्नर भागात गावोगाव रात्री ड्रोन दिसू लागल्याच्या बातम्या आल्या. लाल-हिरवे दिवे, घोंघावणारा आवाज. दहा-पंधरा मिनिटे घरांवर फिरायचे आणि दिसेनासे व्हायचे. चोर आधी ड्रोनने घरे हेरतात आणि मग दरोडा घालतात, ही समजूत एका आठवड्यात सगळीकडे पसरली. पोलिसांनी अफवांवर विश्वास ठेवू नका असे आवाहन केले. विषय विधिमंडळातही निघाला. आमच्या गावात तरुणांची गस्त सुरू झाली. काठ्या, बॅटऱ्या, मोटारसायकली. देवळाच्या भोंग्यावरून रात्री अकराला सूचना यायच्या. उन्हाळ्यापासून अंगणात आणि माळवदावर झोपणारी माणसे पहिला पाऊस पडायच्या आधीच घरात गेली, ती पावसामुळे नव्हे.

या गोष्टीची शहरात थट्टा झाली. खेड्यातल्या लोकांना विमानाचे दिवे आणि ड्रोन यांतला फरक कळत नाही, असे म्हटले गेले. असेलही. काही वेळा ते विमानच असेल, काही वेळा गावच्याच एखाद्या हौशी पोराचा खेळ असेल. पण थट्टा करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घेतली नाही. आमच्याकडे बऱ्याच घरांच्या न्हाणीला छप्पर नसते. परसात चार फरश्या उभ्या करतात किंवा गोणपाटाचा आडोसा लावतात आणि वर आभाळ मोकळे. आडव्या नजरेपासून झाकले की झाकले, अशी आजवरची रीत. उभी नजर असू शकते हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. त्या जूनमध्ये माझी आई आणि चुलत्या अंघोळीसाठी पहाटे चारला उठू लागल्या, अंधारात उरकण्यासाठी. पुढे आमच्या न्हाणीवर पत्रा आला. ज्यांच्याकडे पत्र्याला पैसे नव्हते त्यांनी जुनी साडी ताणून बांधली. या बायांनी कुठे तक्रार केली नाही, बातमीत त्यांचे नाव आले नाही. त्यांच्या मनात चोर नव्हताच. ‘वरून कोण बघतंय आणि ते कुणाला दाखवतंय,’ हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो मला गस्तीवरच्या सगळ्या काठ्यांपेक्षा खरा वाटतो.

माझ्यापुरते सांगायचे तर मी तेव्हा बारावी झाले होते आणि कॉलेजात नाव घालायचे की नाही याचा घरात विचार चालू होता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. तालुक्याहून सुटणारी शेवटची एस.टी. गावच्या फाट्यावर अंधार पडल्यावर येते आणि फाट्यापासून घर दीड किलोमीटर. वडिलांची तयारी होती. पण गस्तीच्या त्या दिवसांत भावकीतले वडीलधारे येऊन त्यांना सांगू लागले, ‘दिवस असले. पोरगी अंधाराची कशाला हिंडवता? बाहेरून परीक्षा देऊ द्या.’ ड्रोन दिसला की नाही यावर वाद घालणारे सगळे यावर मात्र एकमताचे होते. शेवटी आईने विषय संपवला. ‘तेवढ्यासाठी मी येते फाट्यावर,’ म्हणाली. पहिले तीन महिने ती रोज कंदिलाऐवजी मोबाईलचा दिवा घेऊन फाट्यावर उभी राही. आमच्या वर्गात नाव घालणाऱ्या दोघींचे मात्र त्या वर्षी राहून गेले. ते केवळ ड्रोनमुळे राहिले असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. पण नाही म्हणायला निमित्त हवे असते, आणि ते आभाळातून आयते आले.

आता दुसरी बाजू. माझा एक चुलतभाऊ तालुक्याला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. दहावीनंतर त्याचे शिक्षण सुटले. दादाला ड्रोनचा नाद आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली, पण सुट्या भागांना मोकळीक ठेवली. दादाने सुटे भागच मागवले: चार मोटारी, चार पाती, एक सांगाडा, एक छोटे नियंत्रक पान आणि बॅटरी. दुकानाच्या डाक कावियाने त्याने ते जोडले. चार मोटारींपैकी समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन एका दिशेने फिरतात आणि उरलेल्या दोन उलट दिशेने. तसे नसेल तर सगळे यंत्रच भोवऱ्यासारखे स्वतःभोवती फिरत राहते. हे त्याने मला वहीवर काढून दाखवले. न्यूटनचा तिसरा नियम मी नववीत पाठ केला होता; तो मला कळला दादाच्या वहीवर. त्याचे यंत्र जेमतेम दहा मिनिटे उडते आणि मग बॅटरी तासभर चार्ज करावी लागते. तळ्यावर बगळे उतरतात त्याचे त्याने केलेले चित्रण गावातल्या कोणी पाहिलेले नाही, कारण ते आपल्याकडे आहे हे तो कोणाला सांगूच शकत नाही.

त्या जुलैत दादा शेजारच्या वस्तीजवळच्या माळावर दिवसाढवळ्या यंत्र उडवीत होता. वीस-पंचवीस जणांनी त्याला घेरले. त्यातले निम्मे त्याच्याकडून मोबाईल दुरुस्त करून घेणारे होते. म्हणून ओळख पटली, म्हणून हातपाय शाबूत राहिले. यंत्राचा मात्र दगडाने चुरा झाला. सात महिन्यांच्या पगारातून वाचवलेले पैसे होते ते. मी दादाची बाजू घेतली याचा राग अजून काही जणांच्या मनात आहे. तरीही मी त्यांना मूर्ख म्हणायला तयार नाही, कारण त्यांतल्या काहींच्या घरी न्हाणीवर साडी बांधलेली आहे.

ओळख पटली म्हणून दादा वाचला, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. ज्याची ओळख पटत नाही त्याचे काय होते हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी समजून भिक्षेकरी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार केले, तेही ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून. तेव्हा ड्रोन नव्हता, फक्त मोबाईलवरची अफवा होती. उत्तर प्रदेशात २०२५ मध्ये दोन्ही एकत्र आले. ड्रोनने घरे हेरणाऱ्या चोरांच्या अफवा तेथे महिनोन्‌महिने चालू होत्या आणि ऑक्टोबरमध्ये रायबरेली जिल्ह्यात एका दलित माणसाला चोर समजून मारून टाकण्यात आले. यंत्र आभाळात असते. काठी खालच्या माणसावर पडते, आणि तो माणूस बहुधा फिरस्ता, गरीब, परका असतो. आमच्याकडे त्या पावसाळ्यात पहाटे वासुदेव आला तर त्याला पारावर बसवून आधार कार्ड मागितले. मोरपिसांच्या टोपीतला तो म्हातारा पिशवीतून आधार कार्ड काढून दाखवत होता. नंतर त्याने गाणे म्हटले नाही, दानही घेतले नाही.

कायदा याबाबत काय म्हणतो? राज्यशास्त्राच्या विद्यार्थिनीने निदान तेवढे पाहायला हवे, म्हणून मी नियम वाचले. आपल्याकडे याची कथा थोडी गमतीची आहे. २०१४ साली मुंबईत एका दुकानाने ड्रोनने पिझ्झा पोहोचवून दाखवला आणि पोलिसांची चौकशी सुरू झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एक सूचना काढून, नियम तयार होईपर्यंत नागरी वापराचे दरवाजेच बंद केले. नियम यायला १ डिसेंबर २०१८ उजाडला. मग मार्च २०२१ मध्ये नवे नियम, आणि त्यांवर टीका झाल्यामुळे २५ ऑगस्ट २०२१ रोजी आणखी नवे, सध्या चालू असलेले ड्रोन नियम. अर्जांचे नमुने पंचवीस होते ते पाचावर आले, शुल्कही नाममात्र झाले. एवढे श्रेय सरकारला द्यायलाच हवे.

या नियमांत यंत्राचे वजनावरून पाच वर्ग आहेत. अडीचशे ग्रॅमपर्यंतचे सर्वांत छोटे, मग दोन किलोपर्यंतचे, मग पंचवीस, मग दीडशे आणि त्यापुढचे. पहिल्या वर्गाला वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही. दोन किलोपर्यंतचे हौसेसाठी उडवले तर त्यालाही नाही. म्हणून परदेशी कंपन्या मुद्दाम दोनशे एकोणपन्नास ग्रॅमचे यंत्र बनवतात. पावकिलो वांग्यांपेक्षा एक ग्रॅम कमी. पण त्याचा कॅमेरा काही पावकिलोचा नसतो. लग्नात पैसे घेऊन एक किलोचा ड्रोन उडवणाऱ्याला प्रमाणपत्र हवे आणि तोच ड्रोन फुकट उडवणाऱ्या त्याच्या मेव्हण्याला नको. खाली उभ्या असलेल्या बाईला या भेदाचा काय उपयोग?

देशाच्या आभाळाचा नकाशाही केलेला आहे: लाल, पिवळा, हिरवा. विमानतळाजवळ लाल, जसे दूर जावे तसे मोकळे. हिरव्या भागात चारशे फुटांपर्यंत उडवायला परवानगी लागत नाही. आमचे गाव हिरव्यात आहे, दादाने पाहिले होते. दगड मारणाऱ्यांनी तो नकाशा पाहिलेला नव्हता आणि नकाशा करणाऱ्यांनी आमचे गाव. विमान पडू नये, छावणीचे गुपित फुटू नये, याची काळजी या नियमांच्या पानापानावर आहे, आणि ती रास्तच आहे. पण खाली राहणाऱ्या माणसाच्या खासगीपणाबद्दल एकही स्वतंत्र नियम मला त्यांत दिसला नाही. २०१८ च्या नियमावलीत निदान एक वाक्य होते, की कोणाच्याही खासगीपणाला बाधा येणार नाही हे पाहण्याची जबाबदारी उडवणाऱ्यावर राहील. योगायोग असा की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने दिला तो २४ ऑगस्ट २०१७ रोजी. चार वर्षे आणि एक दिवसाने ड्रोन नियम आले.

कोणी म्हणेल, त्यासाठी फौजदारी कायदा आहे. आहे. स्त्रीला तिच्या खासगी क्षणी चोरून पाहणे किंवा तिचे चित्र टिपणे हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तो ७७ व्या कलमात आहे. (ती संहिता अमलात आली त्याच आठवड्यात आमचे लोक रात्र जागत होते.) पण पाहिले कोणी आणि टिपले काय हे त्या बाईने कसे सांगायचे? आमच्या गावचे चौघे पोलीस ठाण्यात गेले तेव्हा तिथल्या हवालदारांनी विचारले, ‘नंबर काय होता त्याचा?’ प्रश्न नियमाला धरूनच होता. यंत्राला नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. पण तो बोटभर पट्टीवर लिहिलेला असतो आणि यंत्र असते शंभर फुटांवर, अंधारात. पुढेमागे यंत्राने आपली ओळख आपोआप कळवावी अशी सोय सक्तीची करता येईल, असे नियमांत लिहून ठेवले आहे. ती झाली तरी ती ओळख फाट्यावर उभ्या असलेल्या माझ्या आईला कशी कळणार, हा प्रश्न उरतो.

जुना हक्क काय सांगतो तेही पाहिले. ज्याची जमीन त्याचे वरचे आभाळ, असे एक जुने सूत्र पाश्चात्त्य कायद्यात होते. १९४६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे कॉस्बी नावाच्या कोंबडीपालकाचा खटला आला. लष्करी विमाने त्याच्या रानावरून अवघ्या ८३ फुटांवरून जात. भेदरलेल्या कोंबड्या भिंतींवर आपटून मरत. अशा दीडशेएक मेल्या. न्यायालय म्हणाले, ते जुने सूत्र विमानाच्या युगात टिकणार नाही. पण जमिनीचा उपभोग घेण्यासाठी जेवढे आभाळ लागते तेवढे मालकाचेच. मला हा निकाल फार आवडला. आपल्याकडे १९३४ च्या विमान कायद्यात, वाजवी उंचीवरून नुसते उडाल्याबद्दल दावा लावता येणार नाही असे कलम होते. तो कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून नवा भारतीय वायुयान अधिनियम आला. पण वाजवी उंची कोणती? तिफणीने पेरणाऱ्याला लागणारी वेगळी, नारळ उतरवणाऱ्याची वेगळी, छप्पर नसलेल्या न्हाणीची आणखी वेगळी. आमच्या सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे, आंब्याच्या दोन झाडांची नोंद आहे. वरच्या आभाळाची नाही.

मग बंदी घालावी का? त्या वेळी आमच्या गावाने तसाच ठराव करायचे मनात आणले होते, आणि शहरांतही तोच मार्ग आहे. नियमाप्रमाणे पोलीस अधीक्षकाच्या दर्जाचा अधिकारी एखादा भाग तात्पुरता लाल करू शकतो, तो जास्तीत जास्त ९६ तास. मुंबईत मात्र पोलिसांचे महिना-महिन्याचे मनाई हुकूम निघतात आणि पुन्हा पुन्हा वाढवले जातात. अशा हुकमाने दादासारखा मुलगा घरी बसतो. ज्याला खरोखर घर हेरायचे आहे तो हुकूम वाचून थांबेल असे मला वाटत नाही. इंग्लंडसारख्या देशातही हे घडले आहे. डिसेंबर २०१८ मध्ये लंडनजवळचे गॅटविक विमानतळ ड्रोन दिसल्याच्या खबरीवरून बंद करावे लागले, सुमारे एक हजार उड्डाणे आणि एक लाख चाळीस हजार प्रवासी अडकले. पोलिसांनी पकडले कोणाला? छोटी विमाने उडवण्याची हौस असलेल्या एका गृहस्थाला आणि त्याच्या बायकोला. दोघांचा काही संबंध नव्हता. पुढे पोलिसांना भरपाई आणि खर्च मिळून दोन लाख पौंड द्यावे लागले आणि खरा उडवणारा आजपर्यंत सापडला नाही. म्हणजे संशय पहिल्यांदा हौशी माणसावरच पडतो, इंग्रजाच्या देशातही.

माझे म्हणणे असे आहे. लग्नाच्या डीजेचा आवाज ड्रोनच्या शंभरपट असतो. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला मनाई करणारा नियम २००० सालापासून आहे आणि तो कसा पाळला जातो हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. तरी डीजेवर कोणी दगड मारत नाही, कारण तो कोणाच्या दारात वाजतो हे माहीत असते. दुसऱ्या दिवशी त्या घरी जाऊन भांडता येते. मोजणीच्या ड्रोनला आमचे गाव घाबरले नाही, कारण ग्रामसभा झाली होती आणि चुना पडला होता. यंत्र तेच, गाव तेच, भुंग्याचा आवाजही तोच. लोकांना त्रास झाला तो बिनमालकाच्या आवाजाचा. म्हणून नियम करायचाच तर तो इथून सुरू व्हावा: वस्तीजवळ जो कोणी हौसेने यंत्र उडवील त्याने आदल्या दिवशी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आपले नाव, मोबाईल क्रमांक, जागा आणि वेळ लिहावी. परवानगी मागायची नाही, फक्त कळवायचे. घरांवरून उडवायचे नाही. माळ, तळे, डोंगर मोकळे. आणि सूर्य मावळल्यावर यंत्र पेटीत. एवढे झाले की फळ्यावर ज्याचे नाव नाही तो खरा संशयित, आणि त्याच्यासाठी पोलिसांना फोन, काठी नव्हे.

आमच्या वर्गात यावर चर्चा झाली तेव्हा सरांनी एक आक्षेप घेतला. ते म्हणाले, पंचवीस नमुने मोठ्या कष्टाने पाचावर आणले, तू सहावा आणतेस. शिवाय फळ्यावर नाव लिहिणाऱ्या पोराला गावातला प्रत्येक जण अडवील, आज सरपंच, उद्या सरपंचाचा पुतण्या. सरांचा मुद्दा मला पूर्ण खोडता आलेला नाही. गावाच्या हाती अडवण्याची सत्ता दिली तर पहिले कोणाचे उडणे थांबेल हे मला मुलगी म्हणून चांगलेच ठाऊक आहे. राईनपाड्याची खोलीही ग्रामपंचायतीचीच होती. म्हणूनच कळवणे आणि परवानगी यांतला फरक कायद्यात स्पष्ट लिहिला पाहिजे, असे माझे म्हणणे राहील. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने ड्रोनविषयीच्या नव्या कायद्याचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध केला होता, तो इंग्रजीत आणि मुदत अवघी काही दिवसांची. आमच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तो लागला नव्हता.

दादाने या दिवाळीनंतर पुन्हा सुटे भाग जमवून यंत्र जोडले आहे. मी सुचवले म्हणून, आणि थोडे माझ्यावर उपकार म्हणून, त्याने ग्रामपंचायतीत एक अर्ज दिला: ‘येत्या रविवारी सकाळी सात ते आठ या वेळेत तळ्याच्या माळावर मी ड्रोन उडवणार आहे, ग्रामस्थांना कळावे.’ अर्जाचा मजकूर माझा. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला आणि आवक रजिस्टर उघडले. विषयाच्या रकान्यात काय लिहायचे ते त्यांना सुचेना. पाणीपट्टी नाही, घरपट्टी नाही, दाखला नाही, तक्रार तर नाहीच. ‘तक्रार असती तर बरं झालं असतं,’ ते म्हणाले. मग त्यांनी ‘इतर’ असे लिहिले, शिक्का मारला आणि पोच दिली. त्या रविवारी तळ्यावर नऊ जण आले. त्यात आज्जी होती, आणि ज्याच्या दगडाने पहिले यंत्र फुटले तोही होता. तो बराच वेळ लांब उभा होता. नंतर जवळ येऊन त्याने दादाला विचारले, ‘ह्यातून माझ्या विहिरीचं पाणी कुठवर हाय ते दिसंल का?’

दिसले नाही. विहीर खोल आहे आणि आत वाकलेला पिंपळ आहे.